साथीची मोजदाद आणि वाचलेली मुले

साथीच्या रोगाने केलेली हानी मृत्यूंच्या आकड्यांत सांगण्याची प्रथा आहे. मुलांच्या बाबतीत ती अपुरी पडते. मूल साथीतून वाचते, म्हणून हानीच्या हिशेबातून ते गळते. त्याचे जे गेले ते पुष्कळ वर्षांनी दिसू लागते. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर-नांदुरा मार्गावर असलेले वडनेर भोलजी हे कापसाच्या मुलखातील गाव होय. अशा गावांतील भूमिहीन मजुरांच्या मुलांकडे पाहिले असता हा मुद्दा स्पष्ट होतो.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. 1918 साली पावसाने दगा दिला आणि त्याच सुमारास इन्फ्लुएंझाची भीषण लाट आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता. हिंदुस्थानची लोकसंख्या 1911 ते 1921 या काळात 25.2 कोटींवरून 25.1 कोटींवर आली. या तापाने विशेषेकरून वीस ते चाळीस वयाची माणसे नेली. म्हणजेच लहान मुलांचे आईबाप. अमेरिकेत त्या साथीच्या वेळी गर्भावस्थेत असलेल्यांचे शिक्षण व उत्पन्न पुढे आयुष्यभर कमी राहिले, असे डग्लस आल्मंड यांनी 2006 साली शिरगणतीच्या आधारे दाखविले. हे ध्यानी येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

2020 च्या कोविड साथीचे स्वरूप निराळे होते. तिने मुलांचे प्राण क्वचितच घेतले. घेतला तो त्यांचा काळ. महाराष्ट्रातील शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी उघडले आणि जानेवारी 2022 मध्ये काही दिवस पुन्हा मिटले. जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीच्या मध्यावर होते. पहिलीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही. मात्र नाव वरच्या इयत्तेच्या पटावर चढले.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम, दूरदर्शनवरील ‘टिलीमिली’ मालिका, 2021 मधील सेतू अभ्यासक्रम हे प्रयत्न प्रामाणिक होते. तथापि ज्या घरी एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, तेथे ते कितपत पोहोचणार? शिवाय या बंदीत कापूसवेचणीचा 2020 चा सबंध आणि 2021 चा बराचसा हंगाम सापडला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दहा वर्षांच्या मुलाचे हातही त्यात भर घालतात. आई शेतात गेली की धाकट्याला सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येते. शाळा सुरू असताना या दोन्ही गोष्टींना थोडाफार अडसर असे. तो दोन वर्षे निघाला. शाळेत शिजणाऱ्या अन्नाऐवजी तांदूळ व कडधान्य घरी दिले जाई, पण घरी आलेले धान्य सगळ्या घराचे होते, हे उघड आहे.

साहाय्याच्या योजनांतही एक फट राहिली. आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने 2021 साली पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचे ठरविले. केवळ वडील गेलेल्या मुलाला ती नाही. त्याला बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान तेवढे, तेही कागदपत्रे जुळविल्यावर. मजूर कुटुंबात कमावता पुरुष गेल्यावर उरलेल्या आईने हे कसे साधावे, याचा विचार झालेला दिसत नाही.

‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले 2018 मध्ये 27.3 टक्के, 2022 मध्ये 20.5 टक्के, तर 2024 मध्ये 27.1 टक्के होती. यावरून तूट भरून निघाली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु 2024 ची तिसरी ही साथीनंतर शाळेत आलेल्या मुलांची होती. साथीत पहिलीचा वर्ग हुकलेले मूल तोवर पाचवीत गेले होते. ते 2029-30 मध्ये दहावीस बसेल, जर तोवर शाळेत राहिले तर.