गुडघ्याखालचं टेंगूळ

दोस्तांनो, खो-खो खेळताना किंवा जिना चढताना गुडघ्याच्या वाटीखाली ठणकतं का? दाबलं की कळ येते, छोटंसं टेंगूळही हाताला लागतं? घरात लगेच निदान होतं, ‘वाढीचं दुखणं, जाईल!’ आणि आजी तेल चोळायला बसते.

यातलं अर्धं खरं आहे बरं का! मांडीचा दणकट स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाढत्या वयात जोडाची ही जागा मऊ असते. पळण्या-उड्या मारण्याने तिथे सारखी ओढ बसते आणि ती दुखावते. १९०३ साली बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिचचे श्लाटर या डॉक्टरांनी हे दुखणं वेगवेगळं वर्णन केलं, म्हणून नाव ऑसगुड-श्लाटर.

डॉक्टर बहुधा हाताने तपासूनच ते ओळखतात. मग फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात: मांडीचे स्नायू ताणायचे, पाय सरळ ठेवून उचलायचा. दुखेल इतक्या उड्या काही काळ बंद. खेळ कायमचा सोडायला नको. व्यायाम मात्र कंटाळवाणा, महिनोन्महिने चालणारा! वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, टेंगूळ काहींना राहतं.

आईबाबांनो, गुडघा सुजला, अडकला, ताप आला किंवा रात्री झोपमोड करणारी कळ आली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.