खणापासून कागदापर्यंत : चेन्नईच्या नवरात्रातील हातच्या भेटी

नवरात्र जवळ आले की चेन्नईतील मैलापूर भागात, कपालीश्वर मंदिरालगतच्या उत्तर माड रस्त्यावर बाहुल्यांचा बाजार भरतो. देवदेवता, लग्नाची वरात, भाजीबाजार, शाळा, क्रिकेटचा संघ असे सारे जग तेथे वीतभर उंचीच्या मूर्तींतून विक्रीस मांडलेले असते. या बाहुल्या पुढील नऊ दिवस शहरातील घराघरांत पायऱ्यांच्या मांडणीवर विराजमान होतात. तमिळमध्ये या प्रथेला 'बोम्मै कोलू' म्हणतात. बोम्मै म्हणजे बाहुली आणि कोलू म्हणजे दरबार. पायऱ्यांची संख्या तीन, पाच, सात, नऊ अशी विषम ठेवण्याचा प्रघात आहे.

कोलू हा सण बाहुल्यांचा असला, तरी तो तितकाच भेटींचाही आहे. रोज संध्याकाळी शेजारच्या आणि नात्यातील स्त्रिया, मुली कोलू पाहावयास येतात. गाणी होतात, हरभऱ्यांचे किंवा वाटाण्यांचे सुंडल दिले जाते आणि निघताना प्रत्येकीच्या हाती तांबूल ठेवले जाते. या तांबुलातील वस्तू, त्या घालून देण्याची पिशवी आणि पायरीवरच्या बाहुल्या यांचा कापड व कागद यांच्याशी असलेला संबंध फार जुना आहे. सणाच्या भेटी घरी, हाताने बनविण्याची आवड पुन्हा वाढत असताना हा संबंध समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तांबूल आणि वाण

तांबुलात विड्याची पाने, सुपारी, हळद, कुंकू, नारळ किंवा फळ, चोळीचा खण आणि एखादी लहान भेटवस्तू असते. मराठी वाचकांना हे अपरिचित वाटणार नाही. चैत्रातील हळदीकुंकू, खणा-नारळाची ओटी आणि संक्रांतीला लुटले जाणारे वाण यांचे स्वरूप असेच आहे. इ. स. १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांची सत्ता होती. त्या काळात दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज चेन्नईतही राहतात आणि त्यांच्या घरीही कोलू मांडला जातो.

दोन्हीकडची अडचणही सारखीच आहे. भेट म्हणून मिळालेला खण अनेकदा वापरला जात नाही. तो कपाटात राहतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी जातो, तेथून तिसऱ्या. घेणारीला त्याचा उपयोग नाही, हे देणारीलाही ठाऊक असते. ज्या पिशवीतून तो येतो ती तर दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात जाते. सुती खण आणि सुती पिशवी यांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

पिवळ्या पिशवीचे पुनरागमन

तमिळनाडूत लग्नकार्यात पाहुण्यांना तांबूल देण्यासाठी हळदीच्या रंगाची सुती पिशवी वापरली जात असे. तिच्यावर वधूवरांची नावे छापलेली असत. 'मंजप्पै' म्हणजे पिवळी पिशवी. समारंभानंतर ती वर्षानुवर्षे बाजारहाटासाठी वापरात राही. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि पिवळी पिशवी मागे पडली. ती घेऊन शहरात येणारा माणूस गावंढळ समजला जाऊ लागला, आणि 'मंजप्पै' हा शब्द थट्टेने वापरला जाऊ लागला.

तमिळनाडू सरकारने १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या १४ प्रकारच्या वस्तूंवर बंदी घातली. महाराष्ट्रात अशी बंदी मार्च २०१८ मध्ये लागू झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या हस्ते 'मीण्डुम मंजप्पै', म्हणजे 'पुन्हा पिवळी पिशवी', या मोहिमेचा प्रारंभ झाला. २०२२ मध्ये चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात १० रुपये घातल्यावर कापडी पिशवी देणारे यंत्र बसविण्यात आले. एकेकाळी थट्टेचा विषय झालेली वस्तू सरकारी मोहिमेचे चिन्ह बनली.

कापड ओळखण्याची खूण

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानांत व समारंभांत मिळणाऱ्या अनेक पिशव्या कापडासारख्या दिसतात, परंतु त्या विणलेल्या नसतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून त्या तयार करतात. उजेडापुढे धरल्यास त्यांत ताणा-बाणा दिसत नाही, बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. तमिळनाडूच्या बंदीत या न विणलेल्या पिशव्यांचाही समावेश आहे.

खणांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. कमी किमतीचे अनेक खण पॉलिएस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. कापडाच्या कडेचा एकच धागा काढून, मोरीजवळ, चिमट्यात धरून मोठ्या माणसाने पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाईल अशी मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. ही परीक्षा क्षुल्लक वाटली तरी त्या कापडाचे पुढे काय होऊ शकेल, हे तिच्यावरून ठरते.

एका खणातून दोन पिशव्या

पडून राहिलेल्या सुती खणाचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे तांबुलाची पिशवी. खण ८० सेंटिमीटर लांब आणि त्याचा पन्हा १ मीटर असेल, तर त्यातून दोन पिशव्या निघतात. प्रथम खण धुऊन, वाळवून इस्त्री करावा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून हे आधीच करणे इष्ट.

पन्ह्याच्या बाजूने ४५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. त्यांची लांबी ८० सेंटिमीटरच राहील. उरलेल्या १० सेंटिमीटरच्या पट्टीतून ५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काढून त्या मधोमध कापल्या की ४० सेंटिमीटरचे चार बंद मिळतात. मोठी पट्टी लांबीच्या मध्यावर दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात. दुहेरी शिवण घातल्यास आतून धागे सुटत नाहीत. तोंडाशी ३ सेंटिमीटर कापड आत मुडपून त्या मुडपणीतच बंद अडकवावेत आणि बंदाच्या टोकाशी चौकोनी टीप मारून त्यात फुलीसारखी आडवी-उभी शिवण घालावी. नारळाचे वजन पेलण्यासाठी ही फुली महत्त्वाची आहे.

कापताना उरलेले लहान तुकडेही कामास येतात. कोलूमध्ये 'मरप्पाची' नावाची लाकडी बाहुल्यांची जोडी असते. पूर्वी ती मुलीला लग्नात माहेरून दिली जात असे. या जोडीला दरवर्षी नवे कपडे व दागिने करण्याचे काम घरातील स्त्रिया व मुले करतात. वीतभर कापड, थोडी जर आणि सोनेरी कागद एवढे त्यासाठी पुरते.

चिंध्यांचा कागद

पिशवी विरली म्हणजे सुती कापडाचे आयुष्य संपते असे नाही. उत्तम हातकागद सुती चिंध्यांपासूनच बनतो. चिंध्या निवडून, बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. हौदातील पातळ लगद्यात जाळीची चौकट बुडवून उचलली की पाणी गळून जाते आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर राहतो. तो कापडावर उलटवून, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. सुती तंतू कुटल्यावर फुगतात, त्यांना बारीक फाटे फुटतात आणि वाळताना ते एकमेकांना घट्ट धरतात. पॉलिएस्टरचे तंतू पाण्याने फुगत नाहीत आणि असे जुळतही नाहीत. मिश्र कापडाच्या चिंध्या कागद करणाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात त्या याच कारणाने. होजिअरीसाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील तिरुपूर येथील सुती कात्रणे मात्र हातकागदासाठी चांगला कच्चा माल ठरतात.

या कलेत महाराष्ट्र आणि तमिळ प्रदेश यांचे नाते आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव कागदासाठी शतकानुशतके ओळखले जाते. गिरण्यांच्या कागदामुळे हा धंदा मोडकळीस आला असता १९३४ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या संघाची धुरा वाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे. जयपूरजवळच्या सांगानेर येथील राष्ट्रीय हातकागद संस्थेला त्यांचेच नाव दिलेले आहे. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची, तर पुदुच्चेरी येथील श्री अरविंद आश्रमाचा हातकागद कारखाना १९५९ मधील आहे.

चेन्नईत हातकागदाला भेटवस्तूचे रूप देण्याचे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे 'तारा बुक्स' ही प्रकाशनसंस्था. गीता वुल्फ यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली. संस्थेच्या कार्यशाळेत हातकागदावर जाळीच्या छपाईने एकेक रंग स्वतंत्रपणे छापून पुस्तके हातांनी शिवली जातात. गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांच्या चित्रांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे २००६ मधील पुस्तक काळ्या हातकागदावर छापलेले आहे. त्याला २००८ मध्ये इटलीतील बोलोन्या बालपुस्तक मेळाव्यात पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील वारली चित्रकार रमेश हेंगाडी व शांताराम धडपे यांचा सहभाग असलेले 'डू!' हे पुस्तकही याच संस्थेचे आहे.

घरी करावयाचा कागद

चिंध्या कुटणे घरच्या मिक्सरला झेपत नाही. चिंध्यांचे धागे पात्याभोवती गुंडाळले जातात आणि यंत्र बिघडते. म्हणून घरी भेटकार्डे करताना एका बाजूने वापरलेले वहीचे किंवा छपाईचे कागद घ्यावेत. चकचकीत मासिकांचे कागद टाळावेत.

आठ-दहा कागदांचे लहान तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी भरपूर पाणी घालून थोडे थोडे वाटावेत. पसरट टबात पाणी घेऊन त्यात लगदा ढवळावा. शाई फुटू नये यासाठी दोन-तीन चमचे भाताची पेज किंवा पातळ खळ घालावी. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी, ती तिरकी बुडवून आडवी वर उचलावी आणि पाणी निथळू द्यावे. जाळी जुन्या धोतराच्या ओल्या तुकड्यावर उलटवून मागून स्पंजने पाणी टिपले की कागद कापडावर सुटून येतो. त्यावर दुसरे कापड ठेवून वजनाखाली दाबावे आणि सावलीत वाळवावे. भेटकार्डाच्या आकाराचे साधारण आठ-दहा कागद यातून मिळतात.

लगद्यात हळद घातली तर सुंदर पिवळा रंग येतो, परंतु उन्हात तो उडतो. झेंडूच्या पाकळ्या आधी पूर्ण वाळवून घातल्या नाहीत तर कागदावर तपकिरी डाग पडतात.

लगद्याची बाहुली

कागदाचा लगदा कोलूच्या पायरीवरही पोहोचतो. चेन्नईतील कोसपेट हा बाहुल्या घडविणाऱ्या कारागिरांचा जुना भाग आहे. बाजारात मातीच्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बाहुल्यांबरोबर लगद्याच्या बाहुल्याही असतात. त्या वजनाला हलक्या असतात, पडल्या तर सहसा फुटत नाहीत आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकू शकतात. लगदा, खळ आणि खडूची भुकटी यांचे मिश्रण साच्याच्या दोन भागांत दाबतात, वाळल्यावर ते भाग जोडतात, पांढरा थर देऊन घासतात आणि मग रंगवितात. मान डोलावणारी तंजावरची बाहुली याच कुळातील असून तिला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे.

महाराष्ट्रातही जुन्या टोपल्यांना कागदाचा लगदा आणि भिजवून वाटलेली मेथी यांनी लिंपण्याची रीत होती. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही, असा अनुभव आहे. दोन मुठी पिळलेला लगदा, दोन चमचे मेथीचे वाटण आणि थोडी खळ यांतून मुलांना लहान वाटी, फळे किंवा बाहुली सहज करता येते. जाड वस्तू मात्र आतून ओली राहून बुरशी धरते. म्हणून थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नसावा.

किंमत कशाची?

हातकागदाचे कार्ड किंवा लगद्याची बाहुली महाग का, असा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात. वर दिलेली कृती एकदा घरी करून पाहिली की त्याचे उत्तर मिळते. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे उचलावा लागतो. वाळण्याची घाई करता येत नाही आणि ढगाळ हवेत काम थांबते. बाहुल्या करणाऱ्यांची अडचण तर अधिक आहे. पावसाळ्याच्या दिवसांतच त्यांना माल तयार करावा लागतो आणि विक्री वर्षातील मोजके आठवडेच चालते. घासाघीस करून कमी केलेले दहा-वीस रुपये या श्रमांतूनच वजा होतात. तमिळनाडू सरकारचे 'पूम्पुहार' हे हस्तकला विकास महामंडळ अण्णा सालै येथील विक्रीकेंद्रात दरवर्षी कोलूच्या बाहुल्यांचे प्रदर्शन भरविते. शहराच्या दक्षिणेस असलेल्या 'दक्षिणचित्र' या संग्रहालयात कारागिरांचे काम प्रत्यक्ष पाहता येते.

विजयादशमीच्या रात्री कोलूतील एक बाहुली आडवी निजवितात. दुसऱ्या दिवशी बाहुल्या उतरवून, जुन्या मऊ सुती कापडात व कागदात गुंडाळून पेटीत ठेवतात. गुंडाळण्याचे ते कापड एकेकाळी कोणाच्या तरी अंगावरचे असते, आणि ते पूर्ण विरले की त्याचाही कागद होऊ शकतो. यंदा खण किंवा वाण घेताना त्याच्या कडेचा एक धागा काढून पाहिला, तर ती भेट पुढे किती हातांच्या उपयोगी पडेल, हे घरीच कळेल.