गोंदून घेण्याआधी...

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. मराठी विभागाच्या संपादकांनी हा लेख दोनदा तपासला आहे. आणि शुद्धलेखनाची भीती मनात कायमची का बसली, त्याचीच ही गोष्ट आहे.

आम्ही एस.ई.ला होतो. माझी रूममेट सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रकिनारी फिरायला गेली आणि तिथल्या एका स्टॉलवर टॅटू काढून आली. तिच्या आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, म्हणून मनगटाच्या वर सुंदर वळणदार अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’. आम्ही रूममधल्या चौघींनी तोंड भरून कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये पोळी वाढता वाढता मावशींनी तिचा हात धरला, वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "अगो, रफार चुकीच्या जागी पडलाय."

खरंच! हातावर ‘आर्शिवाद’ लिहिलेलं होतं. चार कॉन्व्हेंटवाल्या आणि एक टॅटूवाला, कुणालाच कळलं नव्हतं. त्यात भर म्हणजे टॅटू काढल्यावर त्याच संध्याकाळी ही बाई समुद्रात डुंबली होती. हात सुजला, पू झाला आणि आठवडाभर अँटिबायोटिक्स घ्यावी लागली. जखम भरली, पण रफार तिथेच आहे. आजही ती व्हायव्हाला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून जाते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळतोय. जर्नलमधली आकृती चुकली तर आपण खोडरबर वापरतो. पण जे खोडता येत नाही ते काम एका अनोळखी माणसाच्या हातात देताना त्याच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आजीचा हात

याचं अर्धं उत्तर मला अंजनवेलला मिळालं. तिथे माझी आजी राहते. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. वर गोपाळगड, दीपगृह आणि खाडीच्या पलीकडे दाभोळ. हॉस्टेलच्या जेवणाचा कंटाळा आला की मी शनिवारी तिच्याकडे पळते.

आजीच्या उजव्या हातावर तुळस आहे, तिच्या शेजारी विंचू. हनुवटीवर एक ठिपका. आणि डाव्या हातावर आजोबांचं नाव. जे नाव तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नाही ते साठ वर्षं हातावर वागवते आहे! हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. ठिपका लहानपणी, तुळस न्हाण आल्यावर, नाव लग्नानंतर आणि विंचू सगळ्यात शेवटी. आजकाल ज्याला आपण टॅटू कलेक्शन म्हणतो, ते आजीने कधीच करून ठेवलं आहे. "बाकीचे दागिने इथंच काढून ठेवतात," ती म्हणते, "गोंदण तेवढं बरोबर येतं." ही समजूत महाराष्ट्रातल्या कितीतरी आज्यांकडे ऐकायला मिळेल.

मी विचारलं, "आजी, त्या गोंदणाऱ्या बाईवर तू विश्वास कसा ठेवलास?"

"ती बाय दरसाल भातकापणी झाली की घाटावरून यायची," आजी म्हणाली. "यंदा कुणाचा हात बिघडवलंन असता तर पुढच्या साली या वाडीत तिला उभी कोण करणार होती?"

मला एकदम पटलं. मैत्रिणीचा टॅटूवाला आठवड्याने स्टॉल गुंडाळून दुसऱ्या गावी गेला होता. आजीच्या गोंदणारणीला मात्र दर वर्षी आपल्याच कामासमोर उभं राहावं लागत होतं. वाडीतल्या प्रत्येक बाईच्या हातावर तिचं काम भरून, जुनं होऊन, सगळ्यांना बघायला मोकळं होतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, "आणि सुई?"

"सुई एकच. तीन सुया दोऱ्याने बांधलेल्या. आम्ही सात पोरी रांगेत बसलेलो. पदराला पुसायची नि पुढची."

माझ्या अंगावर काटा आला. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हेही दूषित सुईतून पसरतात. त्या सात मुलींचं नशीब चांगलं, एवढंच म्हणता येईल. म्हणजे ओळखीच्या माणसावरचा भरवसा डिझाइन वाचवतो, पण जंतूंपासून वाचवत नाही. माणूसही तपासायला हवा आणि त्याची पद्धतही.

आत नेमकं काय होतं?

आता थोडं इंजिनियरिंग. आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस साधारण कागदाइतका, ०.१ मि.मी.च्या आसपास जाड असतो. तो सतत झडतो आणि महिन्या-दीड महिन्यात नवा होतो. शाई तिथेच राहिली तर टॅटू निघून जाईल. म्हणून ती त्याच्या खालच्या डर्मिसमध्ये, साधारण दीड-दोन मि.मी. खोलीवर सोडावी लागते. त्याहून खोल गेली तर शाई पसरते आणि ब्लॉटिंग पेपरवर पेन टेकवल्यासारख्या रेषा फुटतात. कारागिराचं कौशल्य या एका मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये असतं.

सुई इंजेक्शनसारखी पोकळ असते असं मला वाटायचं. पण ती भरीव असते. अनेक सुया एकत्र जोडलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत शाई केशाकर्षणाने धरली जाते. आजीच्या तीन सुयांचंही तत्त्व हेच, शाई फक्त काजळीची. मशीनचा इतिहासही मजेदार आहे. एडिसनने १८७६ मध्ये कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढण्यासाठी इलेक्ट्रिक पेनचं पेटंट घेतलं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. पुढे आलेलं कॉइल मशीन तर चक्क दारावरची बेल! करंट आला की इलेक्ट्रोमॅग्नेट पट्टी ओढतो, संपर्क तुटतो, स्प्रिंग पट्टी परत आणते, आणि हे सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा होतं.

शाई आत गेल्यावर शरीर तिला घुसखोर समजतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिचे कण गिळून बसतात. पण या पेशी तर मरतात, मग टॅटू टिकतो कसा? फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की मरणाऱ्या पेशीने सोडलेले कण नवी पेशी पुन्हा गिळते. रिले रेसमधल्या बॅटनसारखं! आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ऑट्झी’च्या अंगावर ६१ टॅटू मोजले गेले आहेत. तेही काजळीचेच.

"लेझरने काढता येतो ना?" असं हॉस्टेलमध्ये हमखास विचारलं जातं. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता लेझरचा झोत शाईच्या कणांचे तुकडे करतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. पण त्याला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. काळा रंग त्यातल्या त्यात बरा निघतो, हिरवा-पिवळा फार त्रास देतो. तेव्हा लेझरला ‘अनडू’ बटण समजू नका.

विश्वास ठेवण्याआधीचा व्हायव्हा

टॅटू आर्टिस्टने अमुक एक परीक्षा पास केलीच पाहिजे असा देशभर लागू असणारा नियम आपल्याकडे नाही. म्हणून परीक्षा आपणच घ्यायची.

पहिला प्रश्न, "भरलेलं काम दाखवा." ताज्या टॅटूचा फोटो सगळ्यांचाच छान येतो. एक-दोन वर्षांपूर्वीचे टॅटू आज कसे दिसतात ते बघा. जमलं तर त्या माणसांना भेटा. आजीच्या वाडीत जे आपोआप व्हायचं ते आपल्याला मुद्दाम करावं लागेल.

दुसरं, डोळे उघडे ठेवून बसा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं का? त्यावरची मुदत संपलेली नाही ना? शाई छोट्या टोपणात वेगळी ओतली आणि उरलेली फेकून दिली का? हातमोजे घालून त्याने फोन उचलला तर मोजे बदलले का? वापरलेली सुई बंद डब्यात गेली का? जे उपकरण पुन्हा वापरायचं त्यासाठी ऑटोक्लेव्ह आहे का? तिथे दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटं लागतात. "आम्ही उकळत्या पाण्यात टाकतो" हे उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. हे प्रश्न विचारताना लाजू नका. चांगल्या माणसाला राग येत नाही, उलट तो कौतुकाने दाखवतो.

तिसरं, तो कधी ‘नाही’ म्हणतो का? अठराच्या आतल्याला, प्यायलेल्याला, जखमेची गाठ होणाऱ्या म्हणजे केलॉइडच्या त्वचेला, किंवा भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बॉयफ्रेंडचं नाव काढायला आलेल्याला जो परत पाठवतो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

चौथं, अक्षरं असतील तर शुद्धलेखन ही तुमची जबाबदारी. स्वतः कागदावर लिहा, मराठी नीट येणाऱ्या दोघांना दाखवा, आणि त्वचेवर स्टेन्सिल उमटल्यावर पुन्हा वाचा. आमच्या मेसमधल्या मावशी हे काम फुकट करतात!

संग्रह सावकाश जमतो

एक काढला की दुसरा काढावासा वाटतो म्हणतात. हरकत नाही, पण अंग म्हणजे नोटिस बोर्ड नव्हे. मोकळी जागा शिल्लक ठेवा. एक जण अक्षरं सुरेख काढतो, दुसरा चेहरे, तिसरा ठिपक्यांची नक्षी. ज्याचं त्याच्याकडे जा. एका वहीत तारीख, ठिकाण, शाईची कंपनी आणि बॅच नंबर लिहून ठेवा. पुढे ॲलर्जी झालीच (लाल रंगाने ती जास्त होते) तर डॉक्टरला ते उपयोगी पडेल. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत, त्या काही उगाच नाहीत.

आपल्या कॉलेजात सैन्यात जाण्याची तयारी करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी खास. भारतीय सैन्याच्या भरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. दंडावर वाघ काढण्याआधी जाहिरात नीट वाचा. आणि एन.एस.एस.च्या रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनो, २०१७ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. ट्रिपला जाताना तर लक्षात ठेवाच, ताजा टॅटू ही उघडी जखम आहे. ती पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, समुद्रात उतरायचं नाही. मेक्सिकोच्या आखातात टॅटूनंतर पाचव्या दिवशी पोहलेल्या, यकृताचा जुना आजार असलेल्या एका माणसाचा जंतुसंसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. आपल्या कोकणात घामही कमी नाही, तेव्हा पहिला टॅटू थंडीत काढलेला बरा.

आणि माझं काय?

मागच्या दिवाळीत मी ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर घेऊन अंजनवेलला गेले. आजीचा हात मांडीवर घेतला आणि तिची तुळस त्यावर उतरवून घेतली. कातडी सुरकुतलेली, रेषा पसरलेल्या. दोन पानं कुठे संपतात तेच कळेना. ती म्हणाली, "हितं दोन पानं नि हितं तीन होती." तिने सांगितलं तशी मी काढली. हात अजिबात हलवला नाही तिने.

तो कागद हॉस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. वर्षभर रोज बघायचा आणि तरी आवडला तरच हातावर घ्यायचा, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे. आठ महिने झाले. अजून कंटाळा आलेला नाही. रूममेट आता माझ्याबरोबर आर्टिस्ट शोधते आहे. तिला तो रफार एखाद्या पानाखाली झाकून घ्यायचा आहे. दोन ठिकाणं बघून आलो. एकाने सुयांचा डबा दाखवायला टाळाटाळ केली, दुसऱ्याने जुने फोटो दाखवलेच नाहीत. दोन्हीकडून परत आलो.

गेल्या शनिवारी आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, "शोध गो बाय, घाई नाय. माझी तुळस कुठं पळून जात नाय."