दौहृद : दोन हृदयांचा संबंध

गर्भिणी परिचर्येचा विचार करताना आपण मासानुमासिक आहार, क्षीरपान, आठव्या-नवव्या महिन्यातील बस्ती व पिचू यांची चर्चा पुष्कळ करतो. गर्भिणीच्या भोवतालच्या माणसांची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक संहिताकारांना हा विषय गौण वाटलेला नाही.

गर्भाचे हृदय मातृज असून ते रसवाहिनींच्या द्वारे मातेच्या हृदयाशी जोडलेले असते, असे आचार्य चरक सांगतात. ही द्वैहृदय्याची अवस्था चरकांनी तिसऱ्या महिन्यात, तर सुश्रुतांनी चौथ्या महिन्यात वर्णिली आहे. ‘डोहाळे’ या आपल्या शब्दाचे मूळ याच दौहृदात सांगितले जाते. परंतु डोहाळे म्हणजे चिंचा-बोरे एवढाच अर्थ आपण शिल्लक ठेवला. गर्भधारणेस हितकर भावांमध्ये चरकांनी सौमनस्याला श्रेष्ठ म्हटले आहे. आणि सौमनस्य काही बाटलीत भरून देता येत नाही.

वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणाऱ्या पासली परिसरातील एक प्रथम गर्भिणी काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्याकडे आली. सातवा महिना, अरुची, अनिद्रा, वरचेवर रडू येणे. रक्तदाब, हिमोग्लोबिन समाधानकारक. आम्ही औषधे व अभ्यंग लिहून दिले. पंधरा दिवसांनी तीच लक्षणे! तेव्हा कुठे आम्ही विचारले, ‘‘ताई, दिवसभर बोलता कोणाशी?’’

‘‘बोलायला घरात असतंय कोण? समदी लावणीला,’’ ती म्हणाली.

पती पुण्यात वाहनचालक, माहेर दूर, सासूबाई पहाटेपासून चिखलात. दोष कोणाचाच नव्हता. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला नाही, ही चूक आमची. सासूबाईंशी बोलून शेजारच्या एका अनुभवी आजींना दुपारी सोबतीस बसण्याची विनंती केली. पतीने दर आठवड्यास घरी यावे व आईने लवकर माहेरी न्यावे असे ठरले. औषधे तीच ठेवली. तीन आठवड्यांत झोप सुधारली.

एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि सूतिकागारात अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, विषादरहित स्त्रिया जवळ असाव्यात, हा चरकांचा आग्रह आज अन्य मार्गानेही पुष्ट झाला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतील २६ चाचण्या व १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. प्रसूतिकाळात अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक व शस्त्रक्रियेचे कमी आढळले. भारत सरकारनेही २०१६ साली शासकीय रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीस अनुमती दिली. ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते; ती आपण सांगावी.

औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान येथे विशेष आहे. महिन्याचे औषध नेण्यास बहुधा पती किंवा दीर येतो, गर्भिणी नव्हे. पुडी बांधताना ‘‘घरी सोबतीला कोण असतं?’’ एवढे विचारण्यास वेळ लागत नाही. उत्तर समाधानकारक नसल्यास वैद्यास कळवावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. सतत उदासी, जगणे नकोसे झाल्याची भाषा, अन्नाचा पूर्ण त्याग ही लक्षणे ‘डोहाळे’ म्हणून सोडून देऊ नयेत, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. सोबत मिळाली म्हणून रक्तदाबाची तपासणी टळत नाही. आणि पावसाळ्यातील प्रसूती असेल, तर डोंगराकडच्या गर्भिणीस दिवस भरण्यापूर्वीच रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे आणून ठेवण्यास सांगावे. सोबत कोण राहणार, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.