दुःखाचा दाखला

दाखले मी आयुष्यात पुष्कळ काढले. जन्माचा, शाळा सोडल्याचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा. निवृत्त झाल्यापासून दर नोव्हेंबरात मी जिवंत आहे असा दाखलाही देतो. पण एखाद्या माणसाच्या दुःखाचा दाखला काढण्याची पाळी २०२२ साली आली, आणि तोही पालघरच्या तहसील कचेरीत मिळणाऱ्यांतला नव्हता. तो आम्हालाच तयार करायचा होता. पुराव्यांसकट, पानांवर क्रमांक घालून, इंग्रजीत.

गोष्ट माझ्या पुतण्याची आहे. बोईसरला वाढलेला, इंजिनियर झालेला, एका कंपनीतर्फे अमेरिकेत गेलेला. तिथं नोकरी गेली, व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली, आणि हे महाशय परत यायचे सोडून राहिले. चूक त्याचीच. ती झाकून पुढं लिहिण्यात अर्थ नाही. आज-उद्या दुसरी नोकरी लागेल म्हणत वर्ष उलटलं. मधल्या काळात, २०१७ साली, त्यानं लग्न केलं. मुलगी मराठी घरातली, पण जन्मानं न्यू जर्सीची, म्हणजे अमेरिकन नागरिक. मराठी समजतं, बोलते अडखळत, वाचता येत नाही.

इथं कायद्याची एक गंमत सांगायला हवी. गंमत म्हणायची ती लांबून बघणाऱ्यानं. रीतसर व्हिसावर आत गेलेल्या आणि नागरिक जोडीदार असलेल्या माणसाची मुदत संपून गेली असली, तरी तो तिथंच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. कार्ड हाती येईपर्यंत त्यानं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढंच. टाकलंच, तर खटका पडतो. १९९६ साली अमेरिकेनं कायदा केला आणि १ एप्रिल १९९७ पासूनचे दिवस मोजायला सुरुवात केली. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल, तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं प्रवेश बंद. वर्ष किंवा जास्त असेल, तर दहा वर्षं. आत राहिलात तर शिक्षा नाही, बाहेर गेलात की शिक्षा. आपल्या गावच्या चक्रव्यूहाच्या गोष्टीपेक्षा हे उलटं. इथं अडचण बाहेर पडल्यावर सुरू होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये माझे थोरले भाऊ गेले. पुतण्याचे कागद तेव्हा नुकते तयार होत होते. तिकडच्या वकीलबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, जाऊ नकोस. मीही फोनवर म्हटलं, आम्ही आहोत इथं, तू येऊ नकोस. त्यानं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. दहावं-तेरावं त्यानंच केलं. मागं चार महिन्यांचा मुलगा आणि बायको. कायद्याच्या हिशेबानं आता फेब्रुवारी २०२९.

दहा वर्षांतून सुटण्याची एक वाट कायद्यात ठेवलेली आहे. तिला वेव्हर म्हणतात, म्हणजे माफी. ती मिळवायला दाखवावं लागतं की, अर्जदाराला प्रवेश नाकारला तर त्याच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती-पत्नीला अथवा आईवडिलांना ‘अतीव’ हाल सोसावे लागतील. अर्जदाराचे स्वतःचे हाल धरत नाहीत. मुलाचेही थेट धरत नाहीत. बाप नाही म्हणून पोर रडतं, हे लिहायचं असेल तर ‘पोर रडतं त्यामुळे आईला त्रास होतो’ असं लिहावं लागतं. (दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असलेल्या परदेशी डॉक्टर-संशोधकांना निराळा नियम आहे. तिथं मुलाचे हाल चालतात. का, ते विचारू नये.)

आता ‘अतीव’ म्हणजे किती? कायद्यात व्याख्या नाही. १९८१ साली एका कोरियन जोडप्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, या शब्दांचा अर्थ आपोआप स्पष्ट होत नाही, आणि तो संकुचित धरण्याचा अधिकार सरकारी खात्याला आहे. १९९९ सालच्या एका निकालात विचारात घ्यायच्या गोष्टींची यादी आली. जोडीदाराचे नातेवाईक कुठं आहेत, ज्या देशात जावं लागेल तिथली परिस्थिती, पैशाचं नुकसान, तब्येत आणि तिथं मिळणारे उपचार. पण मेख अशी की नेहमीचं दुःख चालत नाही. नवरा-बायकोची ताटातूट झाली, रात्री झोप येत नाही, घर खायला उठतं, हे सगळं ताटातुटीत होतंच असं गृहीत धरलेलं आहे. त्याच्या वर काय ते सांगा. आणि अधिकाऱ्यानं नाही म्हटलं तर न्यायालयात दाद नाही. फार तर खात्याच्याच अपील कक्षाकडे जायचं.

वकीलबाईंनी दोन प्रश्न पाठवले. नवऱ्यावाचून ती तिथं राहिली तर काय होईल? आणि ती नवऱ्यामागे बोईसरला आली तर काय होईल? पहिल्याचं उत्तर ती देणार होती. दुसऱ्याचं माझ्यावर आलं. म्हणजे माझं गाव राहण्यालायक नाही, हे मी सिद्ध करायचं होतं.

मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात बत्तीस वर्षं नोकरी केली. १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. आमच्या लहानपणी बोईसर म्हणजे दोन गाड्या थांबणारं स्टेशन आणि वाणगावकडून येणाऱ्या मिरचीच्या पाट्या. केंद्र आलं, मग एमआयडीसी आली, मग परप्रांतातून माणसं आली, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली. गावाबद्दल कुणी वावगं बोललं तर मी भांडलेला माणूस आहे. आणि आता कात्री घेऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीत बसलो होतो.

शोधावं लागलं नाही फार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिलं होतं. असा पहिला नंबर कुणाला नको. नवापूरच्या समुद्रात सांडपाणी जातं, त्यावरून मांगेला समाजाच्या परिषदेनं २०१६ साली हरित लवादाकडे नेलेलं प्रकरण होतं. जानेवारी २०२० मध्ये एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसं दगावली, त्याचं कात्रण होतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात सुरू झालेले भूकंपाचे धक्के होते. धुंदलवाडीकडे माणसं थंडीत घराबाहेर झोपली होती, त्याचे फोटो होते. एकेक कात्रण कागदावर चिकटवताना वाटायचं, एवढं सगळं घडत होतं आणि आपण इथंच भाजी आणत होतो! रोज वास घेणाऱ्याला वास येत नाही म्हणतात तसं झालं होतं. रात्री वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगतसुद्धा नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अडलो. वकीलबाईंचं म्हणणं, अणुवीज केंद्राचा धोकाही लिहा. मी म्हटलं, ते लिहिणार नाही. तिथं मी बत्तीस वर्षं ड्यूटी केली आहे. काय धोकादायक आहे आणि काय नाही ते मला ठाऊक आहे. मुलगा परत जावा म्हणून मी खोटी भीती घालणार नाही. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी बाईंनीच तो मुद्दा सोडला. बरं झालं. बाकीचं मी शपथेवर लिहिलं ते या जोरावर.

सुनेला लहानपणापासून दमा. २०१९ च्या डिसेंबरात ती बाळाला घेऊन महिनाभर आली होती. नवव्या रात्री तिला धाप लागली. पंप मारून भागेना. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, पहाटेपर्यंत वाफ दिली. सकाळी तिला घेऊन घरी आलो तेव्हा वहिनी देवापुढं बसलेल्या होत्या. पुतण्यानं मला बाजूला नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काका, केसपेपर जपून ठेवा.” बोलला आणि स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला. त्याला शरम वाटली होती. मलाही वाटली, कारण तो केसपेपर मी आधीच शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला होता.

तिकडं तिची निराळी परीक्षा चालू होती. वडिलांना पक्षाघात झालेला, ही एकुलती एक. घराचे हप्ते एका पगारावर. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल लागतो म्हणून ती जात होती, आणि रोज काय होतं त्याची टिपणं ठेवत होती. एकदा मला फोनवर म्हणाली, “काका, मी आता रडले की तारीख लिहून ठेवते.” मी काय बोलणार? म्हटलं, ठेव.

जुनं वाचायची मला सवय आहे, त्यातून एक नाव सापडलं. सखाराम गणेश पंडित. नाव थेट आपल्याकडचं. हे गृहस्थ १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले, पुढं कॅलिफोर्नियात वकिली करू लागले, एका अमेरिकन बाईंशी लग्न केलं. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांचे वकील हे पंडितच. मग सरकारनं झालेल्या हिंदी नागरिकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडितांचीही पाळी आली. आपल्या बचावात त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांत एक बायकोचा होता. तेव्हाच्या कायद्यानं, नागरिक होण्यास अपात्र परदेश्याची बायको स्वतःचं नागरिकत्व गमावून बसे. म्हणजे माझा कागद फाडलात तर तिचाही फाटतो. खालच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, १९२६ साली तो अपिलात टिकला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. शंभर वर्षांपूर्वीही नवऱ्याचा निभाव लागायला बायकोचं नुकसान मांडावं लागत होतं. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “काका, त्यांना निदान कोर्ट तरी होतं.”

२०२२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं गेलो. मी बाहेर फुटपाथवर थांबलो. तासाभरानं तो हातात नकाराचा कागद घेऊन आला आणि चक्क हसत होता. कारण नकार मिळाल्याशिवाय माफीचा अर्ज करता येत नाही. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. नकार मिळाला म्हणून चहा प्यायल्याची माझ्या आयुष्यातली ही एकच वेळ.

अर्ज एकशे ऐंशी पानांचा झाला. त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. पुतण्या एमआयडीसीत एका कारखान्यात निम्म्या पगारावर जात होता, रात्री फोनच्या पडद्यावर मुलाला गोष्टी सांगत होता. मुलगा पडद्याला हात लावून ‘बाबा’ म्हणायचा, आणि खरा बाबा भेटला तेव्हा आईच्या मागं लपला. २०२४ च्या अखेरीस मंजुरीचं पत्र आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला. बरोब्बर सहा वर्षांनी.

त्या संध्याकाळी विमानतळावरून परतलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसून होत्या. म्हणाल्या, “भावोजी, ती फाईल काढा बरं. मला वाचून दाखवा.” मी टाळायला बघितलं, त्या ऐकेनात. मग माझं शपथपत्र काढलं आणि मराठी करून सांगू लागलो. वास, धूर, नवापूरचं पाणी, भूकंप. त्या मान हलवत होत्या. सुनेच्या दम्याची रात्र आली तेव्हा डोळे पुसले.

“यात मी कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. अर्जदाराची आई, वय ७१, स्वतःच्या घरात राहतात, त्यांची देखभाल करण्यास दीर जवळच वास्तव्यास आहेत.

“गुडघे नाही लिहिले?”

“वकीलबाई नको म्हणाल्या. आई आजारी आहे लिहिलं तर साहेब विचारेल, मग मुलानं तिथंच का राहू नये.”

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हात पुढं करून म्हणाल्या, “धरा, उठवा मला. दिवा लावायचा राहिलाय.”