पोस्टाने जिवंत ठेवलेली बाई

खुनाची हकीकत म्हटली की सुरा, रक्त आणि काळोखी रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. पुण्याच्या डॉ. अनंत चिंतामण लागूच्या खटल्यात यातले फारसे काही नाही. आहे ती एक आगगाडी, एक इस्पितळ आणि काही पत्रे. तरीही ही हकीकत घरातल्या सर्वांनी वाचावी अशी आहे. कारण यातला मारेकरी भिंत फोडून आला नव्हता, तो वाड्यातच राहत होता.

लक्ष्मीबाई कर्वे शुक्रवार पेठेत राहत. पती १९४५ साली वारले. दोन मुलगे, त्यांतला एक १९५४ मध्ये गेला, दुसरा वेगळा राहू लागला होता. बाईंना मधुमेह होता. पण बँकेत पैसे होते, शेअर होते. डॉक्टर लागू त्याच वाड्यातला बिऱ्हाडकरू. औषधपाणी तो पाही आणि हळूहळू पैशांचे व्यवहारही तोच पाहू लागला. नाडी आणि पासबुक एकाच हाती गेले.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे मुंबईच्या गाडीत बसली. तिथल्या डॉक्टरला प्रकृती दाखवायची होती. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले, पण नाव सांगितले 'इंदुमती'! मधुमेहाची बेशुद्धी समजून उपचार झाले आणि दुपारच्या आत बाईंचा प्राण गेला. या 'इंदुमती'चा शोध घेत येणार कोण? शव बेवारस ठरले.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई जिवंतच होत्या! त्यांच्या नावाने नातलगांना पत्रे येत होती. मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केले असून आता जयपूरकडे राहते, असा त्यांतला मजकूर. आणि त्याच अवधीत बनावट सह्यांच्या आधारे बाईंचा पैसा लागूच्या हाती जात होता.

वाचकहो, ही थाप किती विचारपूर्वक निवडली होती पाहा. ज्या पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, त्याच पुण्यात त्रेसष्ट वर्षांनीही विधवेने पुन्हा लग्न केले म्हटल्यावर घरच्यांनी आवाज खाली आणावा, फार चौकशी करू नये, हा लागूचा हिशेब होता. विषापेक्षा त्याने आपल्या 'लोक काय म्हणतील' यावर अधिक भिस्त ठेवली. पत्र आले ना, मग बाई खुशाल असेल, असे म्हणणे सोपेही असते आणि सोयीचेही.

पण काही आप्तांचे समाधान होईना. त्यांनी तक्रार केली, तपास सुरू झाला आणि मार्च १९५८ मध्ये लागूला अटक झाली. पेच मोठाच होता. शवाच्या तपासणीत विष सापडलेले नव्हते. विष सापडले नाही तर विषप्रयोग कसा म्हणायचा? सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे मत मात्र आरोपीला सोडावे असे होते. बहुमताचा विचार असा की, विष हाती लागलेच पाहिजे असे नाही. खोटे नाव, लपवलेला मृत्यू, बनावट पत्रे आणि लुबाडलेला पैसा ही साखळीच पुरेशी बोलकी आहे. बाई जिवंत आहेत हे दाखवण्यासाठी केलेली सारी खटपटच त्याच्यावर उलटली.

आज पत्रे फारशी येत नाहीत. त्यांची जागा मोबाइलवरच्या निरोपांनी घेतली आहे, आणि निरोप तर कोणाच्याही बोटाने लिहिता येतो. आपल्याही नात्यात एखादी एकटी मावशी, आत्या असते. तिचे सारे व्यवहार कुणी 'भला माणूस' पाहत असतो. तो खरोखर भला असेलही. पण फराळाचा डबा घेऊन या दिवाळीत आपणच तिच्या दारी जावे आणि तिचा आवाज तिच्याच तोंडून ऐकून यावे.