नॉम पेन्ह : नळ सुधारले, तळी बुजली

एप्रिल १९७५मध्ये कम्युनिस्ट ख्मेर रूज गटाने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह रिकामी केली. १९७९मध्ये त्यांची राजवट कोसळल्यावर माणसं परतली, पण १९९३ साल उजाडलं तरी पाणीपुरवठा मोडकळीलाच आलेला होता. पाणी दिवसाला जेमतेम दहा तास यायचं आणि सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्क्यांचा छदामही वसूल होत नसे. काही पाणी जुनाट वाहिन्यांतून गळायचं, काही चोरीला जायचं. चोरट्या जोडण्यांत पाणीपुरवठा खात्यातल्याच लोकांचा हात होता.

त्या वर्षी खात्याची सूत्रं अभियंता एक् सॉन चान यांच्याकडे आली. त्यांनी साफसफाई खात्यापासूनच सुरू केली. लाचखाऊंना घरी बसवलं, राबणाऱ्यांचे पगार वाढवले, घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्याने केली आणि प्रत्येक जोडणीला मीटर लावायला घेतला. बड्या धेंडांनाही सूट नव्हती. एका जनरलच्या घरी मीटर बसवायला गेल्यावर त्याने चान यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं. चान शस्त्रधारी माणसं घेऊन परत गेले आणि त्यांनी पाणी तोडलं. पैसे भरल्यावरच जनरलचा नळ पुन्हा सुरू झाला.

नव्या वाहिन्यांसाठी पैसा जपान, फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेकडून आला. जपानच्या किताक्युशू शहरातल्या अभियंत्यांच्या मदतीने नॉम पेन्हचे विभाग पाडून प्रत्येकातला प्रवाह आणि दाब मोजला जाऊ लागला. गळती रात्री हुडकायची. लोक झोपले, नळ बंद झाले, तरी एखाद्या विभागात प्रवाह दिसतोच आहे, म्हणजे वाहिनी कुठेतरी फुटलेली आहे.

२०१०पर्यंत वसुलीविना जाणाऱ्या पाण्याचा तोटा ७२ टक्क्यांवरून सहा टक्क्यांच्या आसपास आला. चोवीस तास पाणी मिळू लागलं, गरिबांना जोडणीत सवलत मिळाली. चान यांना २००६मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. हे सगळं निव्वळ परदेशी पैशाने झालेलं नाही. वसुली करण्याची हिंमत आणि १९९६मध्ये खात्याला मिळालेली स्वायत्तता, खरं बळ तिथे होतं.

दुर्दैवाने त्याच शहरात २००८पासून बोएंग काक तळ्यात वाळू ओतली गेली. बांधकामांसाठी तळं बुजलं, काठावरची हजारो कुटुंबं उठवली गेली. दक्षिणेकडच्या पाणथळींत सांडपाणी निसर्गतःच गाळलं जाई. त्यांवरही भराव पडत गेला. नळाच्या पाण्यासाठी जसं स्वायत्त, जाब देणारं खातं उभं राहिलं, तसं सांडपाण्यासाठी त्याच वेळी उभं करायला हवं होतं. ते झालं नाही.